गच्चीवरचं गरम पाणी, तळमजल्याचा नळ



थंडीची चाहूल लागली की घरोघर गरम पाण्याची कुरकुर सुरू होते. एका भगिनीने लिहिलं आहे, ‘गच्चीवर शंभर लिटरचा सोलर आहे. आजवर आम्ही चौघंच होतो. आता सासू-सासरे कायमचे राहायला आले आहेत. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर बाथरूम काढली. प्लंबर म्हणतो, वरच्या पाइपला एक टी जोडला की काम झालं. जोडू का?’

जोडा, पण त्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. नळ वाढला म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही!

चांगलं ऊन पडलं की सोलरमधलं पाणी साधारण 60 अंशांपर्यंत तापतं. आपल्याला अंघोळीला लागतं 40 अंशांचं. म्हणजे एक बादली कढत पाण्यात जवळजवळ एक बादली विसण. शंभर लिटरच्या दोनशे लिटर झाल्या, वीस लिटरच्या दहा बादल्या. चौघांना पुरून उरतं. ऐन थंडीत मात्र पाणी पन्नासच अंश तापलं आणि नळाचं पाणी पंधरा अंशांवर आलं, तर तोच हिशेब सातच बादल्यांवर येतो. आता माणसं सहा. कोणी शॉवर सोडून उभं राहिलं, तर विचारायलाच नको. शेवटी कोमट पाण्यावर अंघोळ उरकायची ती कुणी? डबे भरून मग बाथरूममध्ये शिरणारीनेच ना!

म्हणून आधी आठवडाभर सकाळच्या बादल्या मोजा. पाणी पुरत नसेल, तर नुसती मोठी टाकी बसवून उपयोग नाही. साध्या सपाट पॅनेलच्या सोलरला दर शंभर लिटरमागे सुमारे 2 चौरस मीटर पॅनेल लागतं, तेही दिवसभर सावली पडणार नाही अशा जागी. तेवढी जागा किंवा पैसा नसेल, तर खालच्या बाथरूमला 15 लिटरचा वेगळा गीझर लावा. 2 किलोवॉटचा गीझर वीसेक मिनिटांत पाणी तापवतो. एका वेळेला पाऊण युनिटही जळत नाही आणि विसणासकट दीड बादली पाणी होतं. पावसाळ्यातही तोच कामाला येतो. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, यात काटकसर नको.

पाणी पुरणार असेल आणि टी-च जोडायचा असेल, तर प्लंबरला या गोष्टी सांगा :

1. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही, मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा लोखंडी जीआय घ्यावा आणि त्यावर उष्णता धरणारं वेष्टण चढवावं.

2. उगाच जाड पाइप नको. अर्ध्या इंची पाइपच्या वीस मीटर लांबीत तीन-चार लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत सहा-सात. गरम येण्याआधी तेवढं गार पाणी बाहेर पडणारच.

3. पाइप टाकीपासून खाली उतरतच यावा. मध्येच वर चढून खाली आला, तर हवा अडकते आणि पाणी येईनासं होतं.

4. गार पाणी पंपाच्या जोराने येत असेल, तर मिक्सरमधून ते गरम पाण्याच्या पाइपमध्ये घुसतं आणि वरची टाकी गार होते. त्यासाठी उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

5. टाकीवरची हवेची उघडी नळी कधीही बुजवू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 60 अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांतही खोलवर भाजतं. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ आणि हात चटकन मागे घेता येत नाही. शिवाय कुणी दुसरीकडे गार नळ सोडला, तर शॉवरचं पाणी एकदम कढत होऊ शकतं. सासूबाईंना शॉवरखाली बसवू नका, बादलीच बरी. पाइपमधलं ते सुरुवातीचं गार पाणी ओतून देऊ नका, बादलीत धरा. तेच विसण! त्यावर गरम सोडायचं, कोपराने पाहायचं आणि मग हाक मारायची. लगोलग सासऱ्यांची अंघोळ उरका, म्हणजे पाइपमधलं पाणी पुन्हा गार व्हायला नको.

आणि हो, रात्री भांड्यांना सोलरचं पाणी घेऊ नका. जेवढं काढाल तेवढं गार पाणी टाकीत शिरतं आणि ते सकाळपर्यंत तापत नाही.

बादल्यांचा हिशेब मांडाल, तेव्हा घरातल्या माणसांमध्ये स्वतःलाही धरायला विसरू नका. आपल्या दोन बादल्या आधी लिहा, मग प्लंबरला बोलवा.