बक्षीस खरे असेल, तर शुल्क कशाला?

‘आपल्या मोबाइल क्रमांकाला २५ लाख रुपयांची लॉटरी लागली आहे’, असा निरोप गेली काही वर्षे देशभरातील असंख्य मोबाइलधारकांना येत आहे. सोबत अमिताभ बच्चन यांचे छायाचित्र, ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाचे बोधचिन्ह, एखाद्या बँकेचा शिक्का आणि ‘व्यवस्थापका’चा व्हॉट्सॲप क्रमांक असतो. हा क्रमांक अनेकदा +९२ ने, म्हणजे पाकिस्तानच्या संकेतांकाने सुरू होतो. फसवणूक इतकी उघड असतानाही माणसे तिला बळी का पडतात, असा प्रश्न सुशिक्षित शहरी वाचकाला पडतो. ‘लोभामुळे’ हे त्याचे ठरलेले उत्तर अपुरे तर आहेच, शिवाय ते घातकही आहे.

या निरोपावर विश्वास बसण्यास वास्तवातील आधार आहे. अमरावती जिल्ह्यात शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजविणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मानधनावर काम करणाऱ्या बबिता ताडे यांनी २०१९ मध्ये याच कार्यक्रमात १ कोटी रुपये जिंकले. त्याच वर्षी ‘कोण होणार करोडपती’ या मराठी आवृत्तीचे सूत्रसंचालन मूळचे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे असलेले नागराज मंजुळे करीत होते. सामान्य माणूस करोडपती होऊ शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र ताडे यांना ते पैसे प्रश्नांची उत्तरे देऊन मिळाले. कशातही भाग न घेता, केवळ मोबाइल क्रमांक बाळगल्याबद्दल बक्षीस कोणी देत नाही.

दुसरा आधार कायद्याचा आहे. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या मार्गावरील वळसंगचे उदाहरण घ्यावे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या गावापासून कर्नाटकची सीमा दूर नाही. सीमेपलीकडे २००७ पासून लॉटरीविक्रीस बंदी आहे. अलीकडे मात्र महाराष्ट्र शासनाची स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालते. त्यामुळे ‘लॉटरी’ या शब्दाला येथे सरकारी वजन आहे आणि भामटे नेमके तेच वजन उसने घेतात. वस्तुतः लॉटरी नियमन कायदा, १९९८ अन्वये तिकीट राज्य शासनाने छापलेले व शासनाचे बोधचिन्ह असलेले हवे आणि सोडतही शासनानेच काढावयास हवी. बक्षिसावर हक्क सांगण्यासाठी मूळ तिकीट लागते. जे तिकीट विकतच घेतले नाही, त्याला बक्षीस लागणार कसे?

फसवणुकीचे खरे यंत्र बक्षिसाच्या आकड्यात नसून शुल्कात आहे. पहिली मागणी मुद्दामच किरकोळ असते, ‘नोंदणी’साठी काही हजारांची. ती भागली की ‘प्राप्तिकर’, मग ‘बँकेचे हस्तांतर शुल्क’, मग ‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी’. येथे माणूस लोभाने पुढे जात नाही. आधी गेलेले पैसे बुडू नयेत म्हणून तो आणखी पैसे भरतो. विहिरीत पडलेली बादली काढण्यासाठी दोरही सोडून द्यावा, तसा हा प्रकार.

या साखळीची एकही कडी कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. दहा हजार रुपयांवरील रोख बक्षिसावरचा ३० टक्के कर बक्षीस देणारा मुळातच कापून घेतो; विजेत्याने तो कोणा खासगी व्यक्तीच्या खात्यात आगाऊ भरावयाचा नसतो. रिझर्व्ह बँक सामान्य नागरिकांची खाती ठेवीत नाही आणि त्यांच्याकडून शुल्कही मागत नाही. दोन दशकांपूर्वी ई-मेलवरून ‘ब्रिटनमधील लॉटरी’चे पेव फुटले होते, तेव्हापासून ही बँक तसे वारंवार बजावीत आली आहे. परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी येथून पैसे पाठविणे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली निषिद्ध आहे. माध्यम तेवढे बदलत गेले. ई-मेलच्या जागी एसएमएस, मग टपालाने येणारे स्क्रॅच कार्ड आणि आता व्हॉट्सॲप. मागणी तीच राहिली. यूपीआयच्या बाबतीतही एवढेच ध्यानात ठेवावे, की पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

तथापि, सर्वाधिक हानी होते ती फसवणुकीनंतरच्या मौनामुळे. ‘लोभाने बुडाला’ असे गाव म्हणेल, मुले रागावतील, या धास्तीने माणूस दिवसचे दिवस गप्प बसतो. इकडे त्याची रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून काही मिनिटांत पुढे सरकते. २०२१ पासून कार्यरत असलेली तक्रार यंत्रणा वेळेवरच उभी आहे. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली गेली, की ती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि पैसे अद्याप एखाद्या खात्यात असतील, तर ते तेथेच रोखले जाऊ शकतात. पहिले काही तास म्हणूनच निर्णायक ठरतात. स्वतःच्या हाताने पाठविलेल्या रकमेची भरपाई देण्यास बँक सहसा बांधील नसते, हे पाहता लज्जेची किंमत फार मोठी पडते.

तक्रारीसाठी शहर गाठण्याचीही आवश्यकता नाही. वळसंगला स्वतंत्र पोलीस ठाणे आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतील असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे ठाण्यावर बंधनकारक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणुकीस सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भामट्यांशी झालेला संवाद, क्रमांक आणि व्यवहाराची पावती पुसून न टाकता जपून ठेवावी. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणत पुन्हा शुल्क मागणारा मध्यस्थ हा बहुधा त्याच सापळ्याचा दुसरा भाग असतो.

सोलापूर, पुणे, मुंबईत नोकरी करणाऱ्या अनेकांचे आई-वडील आजही गावी राहतात आणि त्यांच्या हाती स्मार्टफोन मुलांनीच दिलेला असतो. त्यासोबत दोन गोष्टी सांगून ठेवणे त्यांचेच कर्तव्य ठरते. बक्षिसाच्या आधी पैसे मागणारा माणूस चोर समजावा, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची: चूक झालीच, तर त्याच घटकेला फोन करावा, घरात कोणीही रागावणार नाही. हा दुसरा शब्द कुटुंबांनी पाळला, तर भामट्यांच्या हातातील मौनाचे हत्यार आपोआप गळून पडेल.