जुने मीटर आणि नवी झिलई

विजेची मोजमापे घेणारे जुने मीटर जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाच्या हाती मीटर लागला की तो उघडला जातो, घासला जातो, रंगवला जातो. त्यावर नवी छापलेली तबकडी चढते आणि तो कारखान्यातून काल बाहेर पडल्यासारखा दिसू लागतो. दुसरा पंथ त्यावरच्या धुळीलाही हात लावत नाही. मीटर काचेच्या कपाटात जातो तो कायमचा. दोघांच्याही निष्ठेविषयी आम्हांला शंका नाही. मात्र दोघेही त्या वस्तूची वाचा बंद करतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल या छंदातले सर्वांत परिचित नाव घेऊ. ॲम्पिअर, व्होल्ट आणि ओहम या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘ॲव्हो’ हे नाव तयार झाले. ब्रिटिश पोस्ट खात्याच्या कारखाने विभागातले अधिकारी डोनाल्ड मकाडी यांना प्रत्येक मोजणीसाठी वेगळे उपकरण बाळगण्याचा वीट आला होता. ही तिन्ही कामे एकाच पेटीत करणारा त्यांचा मीटर १९२३ साली बाजारात आला. तो बनवणाऱ्या कंपनीचे नाव ‘ऑटोमॅटिक कॉइल वाइंडर अँड इलेक्ट्रिकल इक्विपमेंट कंपनी’; तारेच्या गुंडाळ्या करणारी यंत्रे हा तिचा दुसरा धंदा. पुढे १९३६ साली ‘मॉडेल ७’ आणि १९५१ साली ‘मॉडेल ८’ निघाले. हे आठवे मॉडेल फेरफार होत होत २००८ सालच्या ऑक्टोबरपर्यंत बनत राहिले. ते थांबले तेही मागणी आटली एवढ्याच कारणाने नव्हे. त्याचे यांत्रिक भाग पुरवणारे मिळेनासे झाले. आपल्याकडे याच घराण्यातला वाटावा असा ‘८ एक्स’ हा मीटर नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीने बनवला. तंत्रनिकेतनात शिकलेल्या एका पिढीला ती काळी, जड पेटी आणि तिचे ते दोन गोल खटके आठवत असतील.

आता असा एखादा मीटर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात समोर आला, तर त्याचे वय कसे ठरवावे? ॲव्होच्या बाबतीत पहिला पुरावा दर्शनी भागावरच्या अनुक्रमांकात असतो. त्याच्या शेवटच्या अंकांत महिना आणि वर्ष दडलेले असते. म्हणजे शेवटी १०५६ असेल तर १९५६ सालचा ऑक्टोबर. इतके सोपे असताना पुढे काही पाहायचे कशाला, असे वाटते. परंतु अनुक्रमांक सांगतो तो दर्शनी पट्टीचा जन्म. दुरुस्तीच्या दुकानात दोन मेलेल्या मीटरांतून एक जिवंत मीटर तयार करणे ही नित्याची गोष्ट होती, आणि अशा जोडमीटरचा चेहरा एका सालचा व आतडी दुसऱ्या सालची असतात. म्हणून इतर खुणा ताडून पाहाव्या लागतात. तबकडीवर वा पाठीवर छापलेला पत्ता बोलका असतो: आधी लंडनच्या डग्लस स्ट्रीटवरचे ‘वाइंडर हाउस’, नंतर व्हॉक्सहॉल ब्रिज रोड, आणि अखेरच्या काळात डोव्हर. वारंवारिता ‘सायकल्स पर सेकंद’ अशी लिहिली आहे की ‘हर्ट्झ’ अशी, हेही पाहावे. हर्ट्झ हे नाव आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत १९६० साली आले आणि इंग्रज कारखान्यांनी ते सावकाशीने स्वीकारले. पेटीवर रुंद बाणाची खूण असेल तर ती ब्रिटिश सरकारची, बहुधा लष्कराची मालमत्ता. याखेरीज आतल्या डाखाचा रंग, रेझिस्टरांची घडण, तपासणीच्या चिकटपट्ट्या, आणि कोणा अनाम वायरमनने खिळ्याने कोरलेली आद्याक्षरे.

हे सारे वाचताना आम्हांला पोथ्यांची आठवण होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. तिच्या संपादकांनी जे श्लोक संहितेतून वगळले ते टाकून दिले नाहीत; तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. क्षेपक हाही पुरावाच असतो. १९५६ सालच्या मीटरमध्ये १९७० च्या सुमाराचा रेझिस्टर सापडला तर तो मीटर ‘अशुद्ध’ झाला असे मानण्याचे कारण नाही. तो तेव्हा वापरात होता, कोणाला तरी त्याची गरज होती, इतके त्यातून निश्चित कळते. नव्या रंगाचा एक हात फिरला की ही सगळी परिशिष्टे एका दुपारीत नाहीशी होतात. बाजारात चकचकीत मीटरला अधिक भाव येतो हे खरे. पण भाव हा निकष मानायचा तर पोथ्यांची पानेही चौकटीत बसवून विकावी लागतील, आणि तसे करणारे आहेतच.

पोथीचा लेखक अवघड शब्द दिसला की तो आपल्या बुद्धीने सोपा करतो, हे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. मीटर सुधारणाऱ्यांचेही असेच होते. जुना मीटर ओहमच्या पल्ल्यावर लावला की काळ्या तारेवर धन आणि लाल तारेवर ऋण दाब येतो. हे दोषामुळे घडत नाही. बॅटरी मीटरच्या पोटात असते. बाहेरून येणारा प्रवाह लाल टोकातून आत शिरला तरच काटा उजवीकडे सरकतो, आणि त्यासाठी तो काळ्या टोकातून बाहेर पडावा लागतो. हे ठाऊक नसलेला हौशी माणूस ‘कोणीतरी तारा उलट्या जोडल्या आहेत’ असे समजून त्या ‘सरळ’ करतो आणि काटा मग डाव्या खुंटीवर आपटत राहतो. दुसरे उदाहरण मेगरचे. एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या कंपनीने १९०३ साली नोंदवलेले हे नाव आपल्या वायरमनांच्या बोलीत इतके रुळले आहे की ‘मेगर मारून बघ’ म्हणताना ते एका कंपनीचे होते हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. हाताने दांडा फिरवून चालवायच्या जुन्या मेगरमध्ये काटा मागे ओढणारी स्प्रिंग नसते. एकमेकींशी कोन करणाऱ्या दोन गुंडाळ्यांच्या ओढाताणीतून त्याची जागा ठरते. त्यामुळे दांडा थांबला की काटा वाटेल तिथे रेंगाळतो. केवळ शून्यावर परतत नाही या आरोपावरून धडधाकट मेगर भंगारात गेलेले आम्ही पाहिले आहेत.

इथवरचे ऐकून कपाटवाला पंथ खूश होईल. पण कपाटातल्या मीटरविषयी आमची तक्रार अधिक गंभीर आहे.

दोनशे व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येकी एक लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले, तर मधल्या बिंदूवर शंभर व्होल्ट असायला हवेत. आजचा अंकांचा मीटर जवळजवळ तेवढेच दाखवतो, कारण त्याचा स्वतःचा रोध सहसा एक कोटी ओहमचा असतो. मॉडेल ८ हा दर व्होल्टमागे वीस हजार ओहमचा. शंभर व्होल्टच्या पल्ल्यावर तो सुमारे साडेसत्त्याण्णव दाखवील. आणि मॉडेल ७? त्याचा रोध दर व्होल्टमागे अवघा पाचशे ओहम. त्याच पल्ल्यावर तो म्हणजे पन्नास हजार ओहमचा रेझिस्टरच झाला. तो जोडताच परिपथ वाकतो आणि काटा पन्नासावर थांबतो. निम्मा! मीटर खोटे बोलत नाही. तो जोडला असताना तिथे खरोखरच पन्नास व्होल्ट असतात.

ज्या काळी हा मीटर दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर होता, त्या काळच्या रेडिओंच्या दुरुस्तीपत्रकांत प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकांवरचे दाब छापलेले असत, आणि ते बहुधा अशाच मीटरने मोजलेले असत. किती रोधाच्या मीटरने मोजले हे चांगल्या पत्रकांत नमूद केलेले असे. ते आकडे आजच्या मीटरशी जुळवू गेले की चांगला रेडिओ बिघडलेला ठरतो. तेव्हा मॉडेल ७ हा त्या पत्रकांचा कोश आहे. त्याला काचेआड ठेवणे म्हणजे मोल्सवर्थांचा कोश शिवून बंद करून शोभेला ठेवणे. आणि त्याच्या पोटात आधुनिक विद्युत्‌-परिपथ बसवून त्याला ‘अचूक’ करणाऱ्यांनी तर कोशातले अर्थच बदलले. मीटर पूर्वी जसा वाचत होता तसाच आज वाचला पाहिजे, आपल्या सगळ्या जडपणासह. जीर्णोद्धाराची आमची व्याख्या एवढीच आहे.

अचूकतेच्या बाबतीत एक गंमत सांगण्याजोगी आहे. १ जानेवारी १९४८ रोजी जगाने ‘आंतरराष्ट्रीय’ ओहम आणि व्होल्ट सोडून ‘निरपेक्ष’ एकके स्वीकारली. म्हणजे त्याआधीचा प्रत्येक मीटर किंचित वेगळ्या व्होल्टमध्ये बोलतो! फरक ओहमच्या बाबतीत हजारात अर्धा, व्होल्टच्या बाबतीत त्याहूनही कमी. या मीटरांची चूकच मुळी शेकडा एक-दोनच्या घरातली, तेव्हा काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तरी १९४८ पूर्वीची तबकडी पाहताना हे आठवून बरे वाटते.

प्रत्यक्ष काम मात्र रोमांचक नाही. बॅटरीच्या कप्प्यात साठलेले हिरवे-पांढरे क्षार काढणे, खटक्यांचे संपर्क पुसणे, आणि मोठ्या मूल्याचे जे रेझिस्टर वयोमानाने चढले असतील तेवढेच बदलणे. तारेचे रेझिस्टर सहसा ठीक असतात. त्यांना उगाच छेडू नये. मॉडेल ८ ची पंधरा व्होल्टची बॅटरी आता सहजी मिळत नाही. तीन व्होल्टच्या पाच गोल चकत्या एकापुढे एक जोडून काम भागते, कारण सर्वांत वरच्या ओहम-पल्ल्याला लागणारा प्रवाह नगण्य असतो. काट्याच्या यंत्रणेपासून शक्य तितके दूर राहावे. खड्यांमध्ये फिरणाऱ्या टोकांना घड्याळासारखे तेल घालणाऱ्यांना हात जोडून विनंती की घालू नका. ती कोरडीच चालायची असतात, तेलाने धूळ धरते आणि काटा अडखळतो. चुंबकाच्या टोकांना सांधणारा लोखंडी तुकडा आधी न लावता मधले लोखंड बाहेर काढले, तर चुंबक कायमचा दुबळा होतो. तो पुन्हा चुंबकित करण्याची सोय घरोघरी नसते.

एक इशारा देणे भाग आहे. या मीटरांच्या तारा, टोके आणि आतली अंतरे आजच्या सुरक्षा-नियमांपूर्वीची आहेत. घरच्या वा कारखान्याच्या मुख्य पुरवठ्यावर ते लावू नयेत. जिथे प्रवाह मर्यादित आहे अशा टेबलावरच्या परिपथापुरते ते ठेवावेत. बटण उडवून परिपथ तोडणारी ॲव्होची प्रसिद्ध सोय काटा वाचवण्यासाठी होती, माणूस वाचवण्यासाठी नव्हे.

काढलेला प्रत्येक भाग आम्ही एका लहान पाकिटात घालून पेटीतच ठेवतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवतो: काय काढले, काय घातले, कोणत्या दिवशी, त्याआधी काटा कुठे होता आणि नंतर कुठे. पेटी मावत नसेल तर पाकीट चामडी पिशवीत जाते. तबकडीच्या बाबतीत मात्र आमच्यातच एकमत नाही. रंगाचे पापुद्रे सुटून आकडे गळाले असतील तर मीटर वाचताच येत नाही. आणि नवी छापलेली तबकडी लावली तर सर्वांत ठळक पुरावाच झाकला जातो. आमच्यातले काही जण जुन्या तबकडीचे छायाचित्र घेऊन, तिला धक्का न लावता, वर पारदर्शक पट्टीवर फक्त गळालेले आकडे छापून बसवतात. काट्याच्या सावलीसाठी असलेला आरसा त्या पट्टीखाली थोडा धूसर होतो, ही त्यातली अडचण. तिच्यावर अजून उपाय सापडलेला नाही.