मुरणं आणि वास लागणं

माणसाने आयुष्यभर कोणत्या प्रश्नावर भांडावं याचा काही नियम नाही. मी मसाल्याच्या डब्यावरून भांडतो. पण भांडणाला सुरुवात झाली ती चिरुटांवरून, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या शाखेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांना चिरुटांचा नाद. ओढायचा कमी, जपायचा जास्त. जावयाने परदेशातून आणलेले चार हवाना आणि आपल्या दिंडिगलचे वीस, असे त्यांनी एकाच लाकडी पेटीत ठेवले. म्हणाले, "वर्षभर राहू देत शेजारी. हवानाचा वास दिंडिगलला लागेल. चोवीसच्या चोवीस हवाना!"

चार रुपयांवर वर्षात वीस रुपये व्याज! बँकेत जन्म काढलेल्या माणसाने असा हिशेब मांडावा?

"आणि साहेब, दिंडिगलचा वास हवानाला लागला तर?" मी विचारलं.

साहेबांनी उलट आमच्या जळगावचाच दाखला माझ्यावर फेकला. "कच्च्या केळ्यांत एक पिकलेलं केळं ठेव. सगळी पिकतात की नाही?"

पिकतात. पण जळगावच्या माणसाला केळ्यावरून शिकवू नये. पिकलेल्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि शेजारचं फळ लवकर पिकतं. मात्र ते पिकतं आपल्या स्वतःच्या चवीने. केळ्याशेजारी कैरी ठेवा. तिचा आंबा होईल, केळं होणार नाही. शेजारी फार तर तुमची घाई करील, तुमचा स्वभाव कसा बदलेल?

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी दोन वेगळे शब्द करून ठेवले. मुरणं निराळं आणि वास लागणं निराळं. लोणचं मुरतं. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं, खार आत शिरतो, फोडही बदलते आणि खारही बदलतो. वास लागणं हा मात्र एकतर्फी कारभार. हिंगाशेजारी चहाची पुडी ठेवा, चहाला हिंगाचा वास लागेल. हिंगाला चहाचा वास लागल्याचं कोणी ऐकलंय?

चिरुटाचंही तेच. पोटातली पानं, त्यांना बांधणारं पान आणि वरचं वेष्टनाचं पान, हा मेळ कारागीर चिरूट वळतानाच घालतो. ती पानं महिनोन्महिने एकमेकांना बिलगून असतात, म्हणून मुरतात. पेटीतला शेजारचा चिरूट म्हणजे शेजारच्या टेबलावरचा कारकून. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसूनही त्याचं मोत्यासारखं अक्षर मला आलं नाही. त्याच्या तपकिरीने शिंका मात्र येतात.

मला वाटलं, वाद मिटला. पण साहेबांचा पक्ष माझ्याच घरात निघाला.

मी जळगावचा, बायको धुळ्याची. 1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. ते पुन्हा जोडायचं काम माझ्या लग्नाने केलं. त्यामुळे दर उन्हाळ्यात आमच्याकडे दोन काळे मसाले यायचे. आईचा मसाला शांत, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि धन्यांचा. सासूबाईंचा लवंग-दगडफुलाचा, डबा उघडला की आधी आपण शिंकायचं, मग शेजाऱ्यांनी.

आई गेली तेव्हा तिच्या मसाल्याची अर्धी पिशवी राहिली होती. ती मी वापरू देईना. फडताळ आवरताना बायकोने दोन्ही मसाले पातळ पिशव्यांतून एकाच डब्यात ठेवले. "अहो, दोन्ही काळेच. राहतील एकत्र, येतील मिळून."

आठ महिन्यांनी मी आईची पिशवी उघडली. धुळ्याचा वास आला.

"बघा, आला ना मिळून?" बायको म्हणाली.

"मिळून नाही, गिळून!" मी ओरडलो.

तेव्हापासून, एकत्र ठेवलं की आपोआप एक होतं असं म्हणणारा प्रत्येकजण माझा वैरी आहे. 'मिळून घ्या' हा उपदेश नेहमी शांत मसाल्यालाच केला जातो. दगडफुलाला कोणी सांगत नाही. घरात तो नव्या सुनेला होतो. 1 एप्रिल 2020 ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. एका दिवसात पाट्या बदलल्या, पण पाटी बदलणं म्हणजे मुरणं नव्हे.

राग ओसरल्यावर मात्र माझाच गुन्हा माझ्या ध्यानात आला. मसाल्याचा वास म्हणजे उडून जाणारं तेल. सासूबाईंचा मसाला शेजारी नसता, तरी आईचा वास हळूहळू गेलाच असता. मी तो जपत नव्हतो, नुसता कुलपात घालून उडू देत होतो. आईने स्वतः कधी गेल्या सालचा मसाला जपला नाही. उन्हाळा आला की ती नवा करायची.

त्या रात्री मी बायकोला शेवभाजी करायला सांगितली. दोन्ही मसाले, दोन दोन चमचे, एकाच कढईत, गरम तेलात. डब्यात आठ महिन्यांत जे झालं नाही, ते दहा मिनिटांत झालं. पहिल्या घासाला सासूबाई आल्या, गिळताना मागून आई आली. ठसका लागला म्हणून डोळे पुसता आले, हे बरं झालं.

तर माझं म्हणणं एवढंच : एक करायचं असेल तर कढईत करा, तेल तापवा, हात भाजू द्या. ती तयारी नसेल, तर बरण्या वेगळ्या ठेवा आणि झाकणं घट्ट लावा.

साहेब परवा भेटले. वर्ष पुरं झाल्यावर त्यांनी पेटी उघडली होती.

"सगळ्या चिरुटांची चव एक झाली बरं का," ते म्हणाले.

"कोणासारखी? हवानासारखी की दिंडिगलसारखी?"

साहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पेटीसारखी."