एआयच्या शिक्षणावर पैसा घालण्यापूर्वी

पूर्वी बारावी झालेल्या पोराला पाहुणे विचारायचे, ‘एमएस-सीआयटी केलं का?’ आता तेच पाहुणे विचारतात, ‘एआयचा कोर्स लावला का?’ वारूळवाडी-नारायणगावहून पुणे काही लांब नाही. क्लासच्या जाहिराती मोबाईलवर येतात, त्यात फी बारीक अक्षरांत आणि नोकरीची हमी मोठ्या अक्षरांत असते. टोमॅटोचे चार पैसे हातात आले की घरात हा विषय निघतोच. हे शिक्षण निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. परंतु पैसा कशावर, किती आणि कोणत्या क्रमाने घालायचा, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

यंत्र शिकते कशावर?

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे संगणकाला पुष्कळ उदाहरणे दाखवून त्यावरून अंदाज बांधायला शिकवणे. करपा पडलेल्या पानांचे आणि निरोगी पानांचे हजारो फोटो दाखवले, की नवा फोटो पाहून यंत्र आपला अंदाज सांगते. जे दाखवले नाही ते त्याला कळत नाही. मे २०२० मध्ये जुन्नर, संगमनेर, अकोले भागात टोमॅटोची फळे पट्टेदार होऊन खराब झाली, ते तुम्हाला आठवत असेल. लोक त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यात प्रामुख्याने काकडी मोझॅक विषाणू सापडला. असे लक्षण यंत्राने कधी पाहिलेच नसेल तर फोटो काढून काय उपयोग? अशा वेळी वाण कोणता, लॉट नंबर काय, रोपे कुठली, लागण कधीची, फवारण्या कोणत्या, हीच माहिती कामाला येते. शास्त्रज्ञालाही तीच लागते आणि यंत्रालाही. ती ज्याच्या वहीत आहे, त्याच्याकडे एआयचे निम्मे भांडवल आधीच आहे.

सरकारी पैसा कुठे चालला आहे?

राज्य मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९ मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी त्यात ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनसाठी १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे हा विषय चार दिवसांचा नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण बारामतीचे. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसात हा प्रयोग केला. जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर, शेतात हवामान केंद्र आणि वरून उपग्रहाची छायाचित्रे, या सगळ्याचा मेळ घालून पाणी किती, खत किती, कीड कुठे, याचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. पाणी वाचते आणि उतारा वाढतो, असे ट्रस्टचे सांगणे आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने हे काम पुढे नेण्यासाठी २०२५ मध्ये जी रचना जाहीर केली, तिच्यात हेक्टरी २५ हजार रुपये खर्च धरला होता. त्यातले ९,२५० इन्स्टिट्यूटचे, ६,७५० कारखान्याचे आणि ९,००० शेतकऱ्याचे. एकरी पाहिले तर शेतकऱ्याचा वाटा ३,६०० रुपयांच्या आसपास येतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या शेतकऱ्याने कोणताही कोर्स विकत घेतलेला नाही. उसाचे त्याला कळतेच, यंत्राचा संदेश वाचायला तो शेतातच शिकतो. परंतु सेन्सर बसवणारा, बॅटरी बदलणारा आणि संदेश चुकीचा वाटला तर सरीत उतरून खात्री करणारा माणूस गावातच लागतो. जुन्नर वन विभागात बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारे एआय कॅमेरे काही ठिकाणी बसले आहेत. त्यांनाही काच पुसणारा आणि बिघाड झाल्यावर ओळखणारा माणूस हवाच. आपल्या मुलामुलींचा धंदा निघू शकतो तो इथे.

क्रेटमध्ये फी मोजा

समजा, कोर्सची फी ८० हजार आहे. टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला २०० रुपये मिळाले आणि तोडणी, बांबू-तार, औषधे, वाहतूक, हमाली धरून १२० रुपये खर्च आला, तर हातात राहिले ८० रुपये. म्हणजे फी भरायला एक हजार क्रेट विकावे लागतात. एकरभर चांगल्या प्लॉटचा माल पोराच्या फीत गेला. गेला तर जाऊ द्या, पण बदल्यात काय आले ते विचारायला नको का?

एमएस-सीआयटीचा अनुभव जवळचाच आहे. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि पुढे गावोगावी तो कोर्स पोचला. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागत होते म्हणून अनेकांनी केला. परंतु नुसत्या प्रमाणपत्रावर किती जणांना काम मिळाले? ज्यांनी पुढे ग्रामपंचायतीत संगणक चालवला, दाखले, ऑनलाइन अर्ज, डीटीपी अशी लोकांची अडलेली कामे केली, त्यांचाच त्यावर संसार चालला. एआयचेही तसेच होणार. कोर्स म्हणजे अवजार, गिऱ्हाईक आपल्यालाच शोधावे लागते.

‘आमचा एआय बाजारभाव सांगतो’ असे कोणी म्हणाले तर जरा थांबा. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत भाव कुठे आले ते तुम्ही भोगले आहे. मागची आकडेवारी पाहून यंत्र अंदाज देईल. पण तोच सल्ला दहा हजार शेतकऱ्यांना मिळाला आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात लागण केली, तर तो सल्लाच भाव पाडील.

पैसा कोणत्या क्रमाने घालावा

पहिली पायरी वहीची. एका प्लॉटची लागण, पाण्याच्या पाळ्या, खते, फवारण्या, तोडे, क्रेट, भाव आणि पट्टी एवढे एक हंगाम लिहा. खर्च शंभर रुपयेही नाही. हिशेब घरातल्या बाईकडे असेल तर शिकण्याचा पहिला मान तिचा.

दुसरी पायरी फुकटाची. राज्याच्या कृषी विभागाचे महाविस्तार ॲप मराठीत उत्तरे देते. केंद्राची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली ऑगस्ट २०२४ पासून आहे, तिच्यात किडीचा फोटो टाकता येतो. एआयची तोंडओळख करून देणारा ‘युवा एआय फॉर ऑल’ हा साडेचार तासांचा सरकारी अभ्यासक्रम विनामूल्य आहे. मुलाला इंग्रजी आणि गणित जमत असेल तर स्वयम्-एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची तरच साधारण हजार रुपये लागतात. ज्याला फुकटचे तीन महिने नेटाने शिकवत नाहीत, त्याला ८० हजारही शिकवणार नाहीत.

तिसरी पायरी गटाची. ऊस असेल तर विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या शेती विभागात एआयची योजना आपल्याला लागू आहे का, ते विचारा. भाजीपाला असेल तर गटाने मिळून एकच हवामान केंद्र घ्या आणि ते सांभाळायला गटातल्याच एका मुलाला किंवा मुलीला महिन्याचे पैसे ठरवून द्या. हाच त्यांचा पहिला रोजगार.

फीचा कोर्स ही चौथी पायरी. तो घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. शिकवणार कोण आणि त्याने स्वतः काय काम केले आहे? मागच्या तुकडीतल्या पाच जणांशी आमचे बोलणे करून द्याल का? नोकरीची हमी लेखी आहे का, आणि नाही मिळाली तर पैसे परत का? आमच्याच पिकाच्या माहितीवर मुलाकडून एखादे काम करून घ्याल का? फी हप्त्याने घेता की कर्ज काढायला लावता? शेवटच्या प्रश्नाला कर्जाचा कागद पुढे आला, तर सरळ उठून या. पीक कर्जाला तर या कामासाठी हातही लावू नका.

गावच्या अधिकाऱ्यांना विनंती

ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि आम्ही सहायक कृषी अधिकारी, आपणा सर्वांचे काम यात आहे. ई-पीक पाहणी ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. त्यात बांधावर न जाता भलतेच पीक नोंदले, तर उद्या त्याच नोंदीवर शिकलेले यंत्र भलताच सल्ला देईल आणि दोष मात्र एआयला जाईल. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली, चालू इंटरनेट आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एवढी सोय केली, तर वर सांगितलेले फुकटचे अभ्यासक्रम बचत गटाच्या महिलांना आणि तरुणांना एकत्र बसून करता येतील. यासाठी नव्या योजनेची वाट पाहायला नको.

बंधू-भगिनींनो, शिक्षणावर घातलेला पैसा कधी वाया जात नाही असे आपण म्हणतो. ते शिक्षणाच्या बाबतीत खरे आहे, जाहिरातीच्या बाबतीत नाही. पिकाचे ज्ञान तुमच्याजवळ आहे आणि त्याची नोंद ठेवली तर ते पुढे विकताही येते. तेव्हा येत्या लागणीला रोपांची ऑर्डर द्याल त्याच दिवशी वही घाला. हंगाम संपल्यावर ती वही घेऊन घरातल्या शिकत्या मुलासोबत बसा आणि मगच ठरवा, कोर्स कोणता आणि किती रुपयांचा.