दुसऱ्या खुर्चीतली 30 वर्षं

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये साहाय्यक प्रशिक्षकाची नोकरी ही वर चढण्याची पायरी मानली जाते. नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली काही वर्षं काढायची, ओळखी जोडायच्या आणि एखाद्या विद्यापीठाचं बोलावणं आलं की सामान बांधायचं. बिल गथ्रिज त्याच पायरीवर 30 वर्षं राहिले, तेही राजीखुशीने.

जन्म 1937 चा, कॅन्सस राज्यातल्या पार्सन्सचा. कॅन्सस स्टेट विद्यापीठात ते टेक्स विंटर यांच्या संघातून खेळले. पुढे शिकागो बुल्सला ‘ट्रँगल’ पद्धतीचा खेळ शिकवणारे ते हेच विंटर. पदवीनंतर गथ्रिज यांनी काही काळ हायस्कूलचा संघ सांभाळला आणि 1962 मध्ये ते आपल्याच गुरूचे साहाय्यक झाले. 1967 मध्ये डीन स्मिथ यांनी त्यांना चॅपेल हिलला, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात बोलावून घेतलं. स्मिथही मूळचे कॅन्ससचेच.

स्मिथ यांच्याकडे रोजचा सराव मिनिटामिनिटाने कागदावर आखलेला असे. त्यात गथ्रिज यांचा प्रांत उंच खेळाडूंचा आणि नेमबाजीचा. बास्केटकडे पाठ असताना चेंडू कसा घ्यायचा, वळताना कुठला पाय रोवायचा, चेंडू सोडताना कोपर कुठे हवं, हे पुन्हापुन्हा करून घ्यायचं काम. सामन्याच्या बातमीत या कामाचा उल्लेख येत नाही, पण शेवटच्या मिनिटाला फ्री थ्रो घेणाऱ्याच्या हातात तेच उतरलेलं असतं.

बोलावणी त्यांनाही आली. 1978 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद हाताशी आलं होतं; ते सोडून गथ्रिज चॅपेल हिललाच राहिले. त्यांच्याबरोबरचे एडी फोगलर 1986 मध्ये विचिटा स्टेटला गेले, रॉय विल्यम्स 1988 मध्ये कॅन्सस विद्यापीठात. दोघांनीही पुढे नाव काढलं. गथ्रिज मात्र स्मिथ यांच्या शेजारच्या खुर्चीतच बसत राहिले. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हाही स्मिथ मुख्य प्रशिक्षक आणि गथ्रिज साहाय्यक होते.

ऑक्टोबर 1997 मध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, 879 विजयांचा विक्रम नावावर असलेले स्मिथ निवृत्त झाले आणि संघाची सूत्रं साठीतल्या गथ्रिज यांच्याकडे आली. विन्स कार्टर, अँटॉन जेमिसन यांच्यासारखे सहा तुल्यबळ खेळाडू आणि मैदानात उतरणार पाच! गथ्रिज यांनी सहाही जणांना सुरुवातीच्या पाचांत आळीपाळीने स्थान दिलं. त्या हंगामात संघाने 34 सामने जिंकले, फक्त चार हरले.

पुढची वाट सोपी नव्हती. 1999 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत वेबर स्टेटने पहिल्याच फेरीत त्यांना बाहेर काढलं. 2000 च्या हंगामात पराभव वाढले, टीकाही झाली. तरीही आठव्या मानांकनाचा हा संघ शेवटच्या चारांत पोचला. त्याच उन्हाळ्यात गथ्रिज निवृत्त झाले.

मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नोंद तीन हंगामांची: 80 विजय, 28 पराभव. पण एवढ्यावर त्यांचं माप काढणं अन्यायाचं आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत ते एकूण 14 वेळा पोचले. एकदा खेळाडू म्हणून, दोनदा मुख्य प्रशिक्षक म्हणून आणि उरलेल्या 11 वेळा साहाय्यक म्हणून.