मिटलेली भेग



गणपतीत जोयडा तालुक्यातल्या रामनगरला मामांकडे गेलो होतो. जुने सुपा गाव धरणात गेल्यावर उठलेल्यांपैकी बरेच लोक रामनगरला वसले, त्यांतले आमचे मामा. त्यांची भाताची छोटी गिरण आहे. गिरणीचा विषय निघाला की माझी एक चूक हमखास निघते.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मामा म्हणाले, "अरे, हिचा आवाज बदललाय. जरा बघ." मी गिरण बंद केली, पट्टा उतरवला, शाफ्ट फडक्याने पुसला, टॉर्च मारला. "काही नाही मामा!" तीन आठवड्यांनी शाफ्ट तुटला. पुली सुटून भिंतीवर आदळली. भात ओतणारा मामेभाऊ नेमका चहाला गेला होता, म्हणून वाचला.

तुटलेल्या तोंडावर सगळी हकीकत लिहिलेली होती. पुलीची चावी बसते त्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली शिंपल्यासारखी वलये, गुळगुळीत आणि काळपट. उरलेला भाग खडबडीत, चकचकीत, म्हणजे ताजा. भेग कित्येक दिवस सरकत होती. मग मला का दिसली नाही?

पट्टा शाफ्टला एका बाजूला ओढतो. त्यामुळे बेअरिंगजवळ ओढीच्या विरुद्ध बाजूचे पोलाद ताणले जाते, ओढीच्या बाजूचे दाबले जाते. शाफ्ट फिरतो तशी भेग ताणाच्या बाजूला आली की उघडते, दाबाच्या बाजूला गेली की मिटते. दर फेरीला एकदा. दारासारखी धाडकन नव्हे, हळूहळू. म्हणून इंजिनिअर म्हणतात, भेग 'श्वास घेते'. मी पट्टाच उतरवला होता. ताण गेला, भेग मिटली, आणि मी टॉर्च मारत बसलो!

आता मामांच्याच काळी नदीने खाली कारवार तालुक्यात उतरा. तिथल्या कैगा अणुवीज केंद्राचा पहिला संच 31 डिसेंबर 2018 ला थांबला, तोवर तो सलग 962 दिवस चालला होता. टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेते. हिशेब करा: सुमारे 415 कोटी फेरे! आडवा शाफ्ट स्वतःच्या वजनानेच किंचित झोळतो, त्यामुळे त्यावर भेग पडली तर ती खाली आल्यावर उघडेल, वर गेल्यावर मिटेल. (धरणावरच्या मोठ्या पाणटर्बाइनचा शाफ्ट बहुधा उभा असतो. तिथे वजन शाफ्टला वाकवत नाही, त्यामुळे भेगेचा श्वासही वेगळा.)

असे यंत्र दर आठवड्याला थांबवून कोण बघणार? म्हणून बेअरिंगपाशी काटकोनात दोन सेन्सर बसवतात. शाफ्ट किती हलतो ते ते न शिवता मोजतात. भेग उघडली की शाफ्ट जरा लवचिक होतो, मिटली की पुन्हा ताठ. त्यामुळे फेरीला एक या नेहमीच्या कंपनाबरोबर फेरीला दोन असे कंपनही वाढते. यंत्र बंद करताना ते जास्त स्पष्ट दिसते. समजा शाफ्ट 1800 फेऱ्यांना सर्वांत जोरात थरथरतो. तर वेग उतरत 900 वर आला की हे दुहेरी कंपन फुगते. मागच्या वेळच्या नोंदीशी ताडून पाहायचे. अर्थात दोन शाफ्ट एका रेषेत नसले तरी असेच कंपन येते, म्हणून नुसत्या आलेखावर निकाल देत नाहीत. मग थांबवून अल्ट्रासाउंडने तपासतात.

प्रयोगशाळेत तर मुद्दाम भेग वाढवतात, तिच्या तोंडावर स्ट्रेन गेज चिकटवतात आणि फिरत्या शाफ्टवरून बिनतारी नोंद घेतात. किती कोनात उघडली, किती कोनात मिटली, सगळे कागदावर उतरते.

मामांनी नवा शाफ्ट करून घेताना खाचेचे कोपरे गोल करून घेतले. या खेपेला त्यांनी मला गिरणीजवळ नेले आणि म्हणाले, "आता बंद करू नकोस. चालू असतानाच ऐक."