रविवारचें पक्वान्न

सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवा वार रूढ झाला आहे. सोमवारपासून शनिवारपर्यंत उकडलेल्या भाज्या, बिनसाखरेचा चहा आणि चेहऱ्यावर उग्र वैराग्य. पुढें रविवार उजाडला कीं 'चीट डे'! मराठींत सांगावयाचें तर फसवणुकीचा दिवस. या वाराविरुद्ध आमची तक्रार आहे. ती पक्वान्नाबद्दल नाहीं. त्या नांवाबद्दल व त्यामागील विचाराबद्दल आहे. फसवणूक कोणाची? शरीराची म्हणावी, तर तें सातही दिवसांचा जमाखर्च चोख ठेवतें. नियमाची म्हणावी, तर आठवड्यांतून एकदां फसविल्यावांचून जो टिकत नाहीं तो नियमच मुळीं सदोष. आणि बासुंदीची वाटी हातीं देतांना वडील माणसेंच जर "आज आपण चोरी करूं" असें म्हणूं लागलीं, तर मुलांनीं अन्नाविषयीं काय शिकावें?

या वैराग्याचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, कडक नियमावांचून देह ताळ्यावर येत नाहीं. त्यांनीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीझ यांनीं १९४४-४५ सालीं केलेला प्रयोग अवश्य पाहावा. ३६ निरोगी तरुण त्यांत स्वेच्छेनें सामील झाले होते. सहा महिने त्यांस नेहमीच्या जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवण्यांत आलें. वजन सुमारें चौथाईनें घटलें, तें अपेक्षितच होतें. परंतु त्यांच्या मनांत अन्नावांचून दुसरा विषय उरला नाहीं. कित्येक जण पाकक्रियेचीं पुस्तकें वाचीत बसत. पुढें मनसोक्त खाण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां पोट तुडुंब भरूनहि कित्येकांची भूक भागेना. आमच्याकडील सहा दिवसांचे विरागी इतके उपाशी राहत नाहींत हें खरें. पण वाट तीच आहे. ज्यांस पाश्चात्त्य प्रयोगांचा कंटाळा असेल त्यांनीं 'एकादशी, दुप्पट खाशी' ही घरची म्हण आठवावी. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि वर शिकरण एवढें पोटांत गेल्यावर उपवास कोणास घडला, हें त्या पांडुरंगासच ठाऊक! आपल्या पूर्वजांनीं या ढोंगास निदान हंसून घेतलें. आजचे लोक त्याचे तक्ते मांडतात.

मिताहार हा पराक्रम नव्हे, ती संवय आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अति खाणारा व मुळींच न खाणारा हे दोघेहि एकाच पंक्तीस बसविले आहेत, तें उगीच नव्हे. संवय लागते ती ठराविक प्रसंगीं तीच कृति रोज केल्यानें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं ९६ जणांच्या संवयींचा अभ्यास करून तो २०१० सालीं प्रसिद्ध केला. नवी संवय अंगवळणीं पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागतात, परंतु व्यक्तिपरत्वें हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत असूं शकतो, असें त्यांस आढळलें. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे: मध्यें एखादा दिवस चुकला तरी संवय लागण्यास फारसा बाध येत नाहीं. तेव्हां 'एक जिलबी खाल्ली, व्रत मोडलें, आतां सगळेंच ताट संपवूं' हा जो तर्क आपण नित्य ऐकतों, त्यास कसलाच आधार नाहीं.

इतकें वाचून खवय्ये मंडळी प्रसन्न झालीं असतील. त्यांनीं क्षणभर थांबावें. पूर्वी पक्वान्नास तिथि होती. गुळाची पोळी संक्रांतीस, पुरणपोळी होळीस, श्रीखंड पाडव्यास, मोदक चतुर्थीस. रविवार त्या मानानें फार नवा; नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० सालीं. आतां सणहि राहिले, रविवारहि राहिला, आणि त्याचा 'वीकेंड' होऊन तो शुक्रवारच्या रात्रींच सुरू होऊं लागला. शुक्रवारच्या रात्रीपासून रविवारच्या रात्रीपर्यंत न्याहारीसुद्धां सात वेळां खाणें होतें. आठवड्याच्या एकवीस वेळांपैकीं सात! तिसऱ्या हिश्शास अपवाद म्हणणें कोणत्या गणितांत बसतें? शिवाय मोबाईलवर बोट टेकवितांच बिर्याणी दारीं येते. तिला ना तिथि, ना वार.

याचें फळ डोळ्यांपुढें आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. देशांत दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह, आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर, असा तो अंदाज आहे. 'आम्ही तर काटकुळे' असें म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखवून दिलें आहे कीं, बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या देहांतहि युरोपीय माणसाच्या मानानें चरबी अधिक असूं शकते. रोजच्या घरगुती ताटाचेंहि फाजील कौतुक नको. चार पोळ्या, त्यांवर भाताचा डोंगर, आणि डाव्या बाजूस बोटभर कोशिंबीर, हें जेवण साधें असेल, मित नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत निम्मे ताट भाज्या व फळे यांसाठीं सांगितलें आहे. आपल्याकडे तें स्थान लोणच्याच्या शेजारीं!

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पक्वान्नास वार जरूर असावा, पण तो एका जेवणापुरता. जिन्नस एक, तो आवडीचा, सर्वांनीं एकत्र बसून उघडपणें खाल्लेला; बाकीचें ताट रोजचें. सोमवारीं प्रायश्चित्त नको. सोमवारीं भाकरी, पालेभाजी, आमटी, ताक, जशी मंगळवारीं तशीच. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं वाटीचें माप आपल्या डॉक्टरांस विचारून ठरवावें.

गृहिणी मात्र एक रास्त प्रश्न विचारतील. घरच्या पुरुषांचा सुट्टीचा वार हाच पुष्कळ घरांत स्वयंपाकघराचा दुप्पट कामाचा वार असतो, आणि विकतच्या डब्यांना सुगी येते ती त्यामुळेंच. यावर आमचें उत्तर तयार आहे. पुरणयंत्राचा दांडा यजमानांनीं फिरवावा. एवढें पुरण वाटून हात भरून आल्यावर चौथ्या पोळीचा आग्रह ते स्वतःच करणार नाहींत.